जुनी कंबरदुखी: कोणतं आसन यापेक्षा मात्रा किती

मार्च सरत आला की नागपुरात घरोघरी कूलर निघतात. गच्चीवरून नाहीतर गॅलरीतून ओढत आणायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, खिडकीला लावायचा आणि मग जूनपर्यंत रोज पाणी भरायचं. माझी कंबर पहिल्यांदा गेली ती या पाण्यापायी. २० लिटरची काठोकाठ बादली मोरीतून उचलली, तशीच वाकलेली असताना कूलरकडे वळले आणि उजव्या बाजूला अशी उसण भरली की बादली हातातून सुटली. शेजारच्या काकू धावत आल्या, "काहून उचलली वं एवढी बादली?" म्हणत त्यांनी मला भिंतीला टेकवून बसवलं.

उसण आठ-दहा दिवसांत जाते. माझी गेली नाही. पलंगावरची गादी काढून फळीवर निजले, पट्टा बांधला, महिनाभर जवळजवळ पडून होते. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका योगवर्गाला गेले. तिथे पहिल्याच दिवशी सगळ्यांबरोबर पादहस्तासन आणि हलासन केलं. परतताना घरासमोर स्कूटरवरून पाय खाली टाकता येईना. महिनाभर काहीच नाही आणि मग एका सकाळी सगळंच, या दोन्ही चुका मी लागोपाठ केल्या.

आज मी स्वतः सकाळचा वर्ग घेते आणि त्यात निम्मे लोक कंबरदुखीचे असतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, "कोणतं आसन करू?" माझं उत्तर त्यांना सुरुवातीला पटत नाही. जुन्या कंबरदुखीत आसनाच्या नावापेक्षा मात्रा महत्त्वाची. आज किती, उद्या किती आणि कधी थांबायचं, हे ज्याला जमलं त्याची कंबर सुधारते. खाली दिलेला क्रम १२ आठवड्यांचा आहे.

चटई अंथरण्याआधी

तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या कंबरदुखीला जुनी कंबरदुखी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे कंबरदुखीच्या दर १० रुग्णांपैकी सुमारे ९ जणांत बोट ठेवता येईल असा एखादा आजार सापडत नाही. हा लेख त्या नऊ जणांसाठी आहे. तुम्ही दहावे नाहीत ना, एवढं आधी बघा.

लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद उतरली किंवा पाऊल उचलत नाही म्हणून चप्पल निसटते, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मेडिकल, मेयो, जवळ जे असेल ते. अशा वेळी मज्जातंतूंवर दाब असू शकतो आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं.

संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतंय, रात्री कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही, पूर्वी कर्करोग झाला होता, नुकतेच पडला होतात किंवा बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही होतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच भासतो. आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. वय ४५ च्या आत आहे, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडलेली असते, चाललं-फिरलं की सुटते आणि पडून राहिलं की वाढते, असं असेल तर सांध्यांच्या वाताची तपासणी करून घ्या. त्याला वेगळी औषधं लागतात.

एमआरआयच्या कागदाबद्दल

वर्गात येणारे बरेच जण पिशवीतून मोठं पाकीट काढतात आणि स्वतःचं नाव सांगावं तसं "माझी एल-४, एल-५" म्हणतात. हे कमरेतल्या मणक्यांचे क्रमांक. 'डिस्क बल्ज' (म्हणजे मणक्यांमधली चकती फुगणं) आणि 'झीज' हे दोन शब्द वाचून माणूस वाकायलाच घाबरतो. त्या भीतीने जेवढं नुकसान होतं तेवढं कधी कधी चकतीनेही होत नाही.

२०१५ साली एका अभ्यासगटाने कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनची माहिती एकत्र केली. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत. चकती फुगलेली असणं विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. पुन्हा सांगते, यांपैकी कुणाचीच कंबर दुखत नव्हती. पन्नाशीत केस पांढरे होतात तशी चकतीही बदलते. तुमच्या कागदावर जे लिहिलंय ते खरं आहे, पण तुमचं दुखणं त्यामुळेच आहे असं त्या कागदावरून ठरत नाही. पायात ताकद कमी नसेल आणि वर सांगितलेली लक्षणं नसतील, तर तो कागद कपाटात ठेवा आणि कामाला लागा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि दुखणं समजावून सांगणं यांची शिफारस आहे. कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आणि अल्ट्रासाउंडचा शेक नित्याच्या उपचारात नकोत, असंही त्यात म्हटलंय. माझा पट्टा आता माळ्यावर आहे.

योगच का, चालणं किंवा जिम का नाही, असंही विचारतात. आतापर्यंतच्या अभ्यासांत काहीच न करण्यापेक्षा योगाने फायदा होतो, तो थोडा ते मध्यम असतो आणि कमरेच्या इतर व्यायामांच्या बरोबरीचा असतो. म्हणजे जे रोज होईल ते निवडा. नागपुरात योग होण्याची शक्यता जास्त, कारण तो हाताशी आहे. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळामुळे आसनं इथल्या कितीतरी घरांत आधीच पोचलेली आहेत.

मात्रा मोजायची पद्धत

एक छोटी वही घ्या. रोज सकाळी उठल्यावर दुखण्याला ० ते १० पैकी आकडा द्या. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन न होणारं. व्यायाम करताना आकडा दोनेकने वाढला तरी घाबरू नका. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. आकडा कालच्या सकाळइतकाच असेल तर मात्रा बरोबर बसली. वाढला असेल तर आजचा व्यायाम निम्मा करा, बंद करू नका. सलग तीन सकाळी आकडा स्थिर राहिला की एखाद-दोन आवर्तनं वाढवा, जास्त नाही.

चांगल्या दिवशी सांभाळा. बरं वाटलं की माणूस दुप्पट व्यायाम करतो, वर कपाटं आवरायला काढतो आणि पुढचे चार दिवस पडून राहतो. २१ जूनच्या योगदिनानंतर माझ्याकडे येणाऱ्यांत असे बरेच असतात. वर्षभर काही नाही आणि त्या सकाळी उत्साहाने सगळीच आसनं.

दुसरी खूण दुखण्याच्या जागेची. कमरेतून पायात कळ जात असेल तर ती कुठपर्यंत जाते ते बघा. एखाद्या हालचालीने कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कमरेकडे सरकत असेल, तर कमरेत थोडं जास्त दुखलं तरी ती हालचाल तुमच्या फायद्याची आहे. कळ उलट खाली, पावलाकडे जायला लागली तर ती हालचाल सोडा.

तिसरी खूण दिशेची. बसून आणि वाकून दुखतं, चाललं की बरं वाटतं, अशांना मागे झुकणारी आसनं मानवतात, म्हणजे मकरासन, हलकं भुजंगासन. उलट साठी ओलांडलेल्या काहींना उभं राहिलं, चाललं की पाय भरून येतात आणि ओट्यावर बसलं की आराम पडतो. त्यांच्या मणक्यातली नळी अरुंद झालेली असू शकते. त्यांनी भुजंगासनाच्या मागे लागू नये, गुडघे पोटाशी घेणारे प्रकार करावेत.

आठवडा १ आणि २: कमरेला विश्वास द्या

रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकणं त्यांना जड जातं. उठल्या उठल्या पुढे वाकणारं काही करू नका. चहा, अंघोळ होऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे कडाक्याची थंडी असते, तेव्हा आधी पाच मिनिटं घरातल्या घरात चाला. मेमध्ये मात्र सातच्या आत उरका.

पहिल्यांदा नुसतं पडायचं. चटईवर पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, नितंब आणि गुडघे काटकोनात येऊ द्या. एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर, सोडताना सावकाश खाली. पाच मिनिटं. दुखणाऱ्या माणसाच्या पाठीचे स्नायू दिवसभर मुठीसारखे आवळलेले असतात. ते इथे सैल पडतात आणि पुढचं सगळं सोपं जातं.

मग गुडघे वाकवून तळवे जमिनीवर ठेवा. कमरेखाली जी पोकळी राहते ती श्वास सोडत हळूच चटईला टेकवा, पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा. ढुंगण उचलायचं नाही, फक्त ओटीपोट आत घ्यायचं.

त्यानंतर एकेक पाय पोटाशी घेऊन पवनमुक्तासन, डोकं खालीच ठेवून. प्रत्येक बाजूला १० सेकंद, तीनदा.

शेवटी मार्जारासन. गुडघ्यांखाली चादरीची घडी घ्या. हात खांद्यांखाली, गुडघे नितंबांखाली. श्वास सोडत पाठ वर गोल करा, श्वास घेत कंबर सावकाश खाली सोडा. टोकाला जाऊन ताणायचं नाही, जेवढी सहज जाते तेवढीच. आठ वेळा. सांधा आखडलेल्या दाराला तेल घालून हळूहळू उघड-मीट करतो तसं.

एवढंच, १५ मिनिटं. "बस, एवढंच?" असं वाटलं पाहिजे.

या काळात काय करू नये तेही सांगते. पाय सरळ ठेवून पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, दोन्ही पाय एकदम उचलणारं उत्तानपादासन आणि झोपून उठबशा काढणं. ही आसनं वाईट नाहीत, पण दुखऱ्या कमरेवर त्यांचा भार एकदम फार येतो. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पुढे जोराने वाकणं नेहमीसाठी टाळावं. रक्तदाब असणाऱ्यांनी कुठेही श्वास कोंडू नये. गरोदर बायकांनी पोटावर झोपण्याचे प्रकार सोडून द्यावेत आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं.

आठवडा ३ ते ६: ताकद

कमरेच्या भोवती ताकद आणायला कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी तीन व्यायाम लोकप्रिय केले. कण्यावर फार भार न टाकता पोट, बाजू आणि पाठ यांना काम मिळावं, हा त्यांमागचा विचार. मी त्यांतले दोन घेते आणि सोबत सेतुबंधासन.

विरुद्ध हात-पाय: मार्जारासनाच्या स्थितीत या. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर. १० सेकंद थांबा, खाली आणा, बाजू बदला. दिसायला सोपं आहे, पण दहापैकी आठ जणांची कंबर एका बाजूला कलते. म्हणून मी कमरेवर पाण्याचं फुलपात्र ठेवते, अर्धं भरलेलं. एका काकांचं पहिल्या दिवशी पाय उचलण्याआधीच सांडलं. पाचव्या आठवड्यात त्यांनी दोन्ही बाजूंना दहा-दहा सेकंद धरलं आणि थेंब हलला नाही. पाय किती उंच गेला ते बघू नका, पाणी बघा. आधी सहा, मग चार, मग दोन अशी आवर्तनं करा, मध्ये थोडा दम घ्या.

कुशीवरचा आधार: एका कुशीवर, कोपर खांद्याखाली, गुडघे वाकवलेले. नितंब उचला म्हणजे गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सरळ रेघ होईल. १० सेकंद, दोन्ही बाजूंना तीनदा. खांदा दुखत असेल तर भिंतीला कोपर टेकून उभ्यानेच करा.

सेतुबंधासन: गुडघे वाकवून झोपा, टाचांनी जमीन दाबत नितंब उचला. ताण नितंबात जाणवला पाहिजे. कमरेत किंवा मांडीमागे पेटका येत असेल तर टाचा थोड्या जवळ घ्या आणि कमी उचला. पाच सेकंद धरून आठ वेळा. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे नितंबाचे स्नायू काम विसरलेले असतात आणि त्यांचा भार कमरेवर पडतो. मिहानमध्ये नोकरी करणारी मुलं माझ्याकडे येतात, त्यांना मी सगळ्यात आधी हेच देते.

ज्यांना मागे झुकणं मानवतं त्यांनी सोबत कोपरांवरचं भुजंगासन आणि एकेका पायाचं अर्धशलभासन घ्यावं.

चालणं

याला वेगळी जागा देते, कारण लोक याला व्यायाम मानत नाहीत. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकत्याच कंबरदुखीतून बरे झालेल्यांना चालण्याचा कार्यक्रम दिला, आठवड्यातून पाच दिवस आणि हळूहळू ३० मिनिटांपर्यंत. हा कार्यक्रम न दिलेल्यांत दुखणं साधारण ११२ दिवसांनी परतलं, चालणाऱ्यांत २०८ दिवसांनी. त्याला खर्च फक्त बुटांचा.

पहिल्या आठवड्यात १० मिनिटं, सपाट जागी. फुटाळा तलावाच्या काठाने चाला किंवा कॉलनीतल्या बागेत. दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवा. सेमिनरी हिल्सचा चढ सहाव्या आठवड्यानंतर. चालताना हात मोकळे हलू द्या, हातात मोबाइल धरून चालू नका. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत, नाहीतर घरातल्या घरात, पण खंड नको.

आठवडा ७ ते १२: घरच्या कामाची तालीम

चटईवरची कंबर सुधारते आणि मोरीवर पुन्हा जाते, असं पुष्कळांचं होतं. कारण कमरेला बादली उचलायची सवयच दिलेली नसते.

आधी नितंबातून वाकायला शिका. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहा. गुडघे किंचित मोकळे ठेवून नितंब मागे नेत भिंतीला टेकवा, पाठ सरळच. पाठीला लांब काठी लावून बघा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. दहा वेळा. हे जमलं की खुर्चीवर बसून-उठून, हात न टेकता, दहा वेळा. मग घराच्या एका पायरीवर चढ-उतार.

आता बादली. या टप्प्याच्या पहिल्या आठवड्यात पाव भरलेली, नितंबातून वाकून उचला, वीस पावलं चाला, ठेवा. दोन्ही हातांनी आळीपाळीने. पुढच्या आठवड्यात अर्धी. एका हातात वजन धरून सरळ चालणं हा कमरेच्या बाजूंसाठी फार चांगला व्यायाम आहे. वळायचं झालं तर पावलं वळवा, कमरेतून पिळू नका. कूलर भरायला मी आता अर्ध्या-अर्ध्या दोन बादल्या नेते, फेऱ्या दुप्पट होतात तरी. नळी लावायची सोय असेल तर अर्थातच नळी.

या टप्प्यावर ताडासन, वीरभद्रासन आणि हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून केलेलं अर्धं पर्वतासन सुरू करा. सूर्यनमस्कार करायचेच असतील तर गुडघे वाकवून, दोनपासून.

दिवसभरातल्या बाकी गोष्टी थोडक्यात. अर्ध्या तासाहून जास्त सलग बसू नका, पाण्याला उठा. लांब दांड्याचा झाडू घ्या. दुचाकीवरून गतिरोधकाला वेग अगदी कमी करा आणि बूड किंचित उचलून पायांवर भार घ्या. सिमेंट रस्त्यांच्या जोडांचे धक्केही कमरेला लागतात, म्हणून चाकांत हवा गच्च भरू नका. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. फार कडक फळी नको, मध्यम गादी बरी. झोप नीट झाली नाही की त्या दिवशी दुखणं जास्त जाणवतं. वहीत झोपेचे तासही लिहीत गेलात तर हे तुमच्याच आकड्यांत दिसेल.

पुन्हा भरली तर

भरेल. बाराव्या आठवड्यातही भरू शकते, लग्नसराईत, प्रवासात, कधी नुसतं शिंकताना. पहिल्या दिवशी खुर्चीवर पाय ठेवून दिवसातून चार-पाचदा दहा मिनिटं पडा, गरम पाण्याच्या पिशवीने शेका, आणि दर तासाला उठून घरात दोन फेऱ्या मारा. दिवसभर पडून राहू नका. दुसऱ्या दिवशी पहिल्या आठवड्यातला व्यायाम निम्मा करा, तिसऱ्या दिवशी पूर्ण. आकडा खाली आला की दोन-दोन दिवसांनी एकेक टप्पा वर चढा, जिथे होतात तिथे साधारण आठ-दहा दिवसांत परत याल. दोन आठवड्यांनंतरही आकडा तसाच राहिला किंवा पायात कळ वाढत गेली, तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि ती वही सोबत न्या. कोणत्या दिवशी काय केलं आणि दुसऱ्या सकाळी काय झालं, हे त्यात लिहिलेलं असेल.